गार पडलेला ढीग

"ताई, ढीग गार पडलाय," कमलबाई म्हणाल्या. त्या आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं आवारातल्या हौदात खत करतात. तापलेलं कपाळ बघावं तसा रोज ढिगावर उलटा हात ठेवतात. आतले सूक्ष्म जीव कामाला लागले की ढीग चांगला गरम होतो. आणि मी शहाणीने, वास येतो म्हणून, परवा त्यावर बाटलीभर फिनेल ओतलं होतं.

कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. फिनेलचा थर काढून त्यांनी जुन्या खताची ओंजळ विरजणासारखी आत कालवली. "आता वाट बघायची."

चार दिवस मी जाता-येता त्या हौदापाशी थांबत होते. जे कधी डोळ्यांना दिसलेच नाहीत, त्यांच्या जिवाची एवढी धाकधूक! घर लख्ख ठेवण्याच्या नादात असे किती जीव मी रोज पुसून काढत असेन?

पाचव्या सकाळी कमलबाईंनी ढिगात हात घातला. मग माझं मनगट धरून माझाही हात आत ओढला.

"बघा, कणकण आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं अंग तापलेलं पाहून मला हायसं वाटलं.