धुतलेली टाकी

सकाळी सहा पन्नास. टाकीवाले काका काचेची बरणी टाकीत बुडवून भरतात आणि कठड्यावर ठेवतात. अर्ध्या तासात तळाशी तपकिरी गाळ बसायला हवा, वर नितळ पाणी. आज वेळ उलटून गेली तरी सगळं पीठ कालवल्यासारखं गढूळच आहे. तळाशी गाळ जेमतेम नखभर.

सात मजली इमारत वस्तीच्या टोकाला आहे. गटाराची सार्वजनिक लाईन इथवर आलेली नाही. आधी नुसती सेप्टिक टाकी होती. ती सारखी तुंबायची आणि उपसायला टँकर बोलवावा लागायचा. मग रहिवाशांनी सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट बसवला. तिथे घाण खाण्याचं काम जंतू करतात आणि ते राहतात त्या तपकिरी गाळात. काकांनी त्यांना हवा पुरवत राहायची. निघालेलं पाणी बागेला जातं.

पूर्वी वॉचमन असलेल्या काकांनी चार वर्षं प्लांट नीट सांभाळला. मग मुलीचं लग्न ठरलं. होणारे व्याही म्हणाले, "येतो एकदा, बघू तरी तुमचं काम." काकांनी त्यांना 'पाण्याच्या प्लांटवर आहे' एवढंच सांगितलं होतं. कसलं पाणी, ते सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी टँकर बोलावून टाकी पार रिकामी केली आणि भिंती ब्रशने घासल्या. व्याही आले, डोकावले. "आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे की." काका दिवसभर खुशीत होते.

दोन दिवसांनी पांढरा फेस कठड्यावर चढला. वासाने बागेत उभं राहवेना. सोसायटीचे अध्यक्ष नाकाला रुमाल लावून आले.

"काय झालं हो?"

"कुणीतरी अ‍ॅसिड ओततंय. जंतू मेले."

"कोण?"

"तळमजल्याच्या लाईनला अ‍ॅसिडचा वास येतो खरा," काका म्हणाले.

तळमजल्यावर एकच घर आहे, एका निवृत्त शिक्षिकेचं. संध्याकाळी बाई स्वतःच अ‍ॅसिडची बाटली घेऊन प्लांटवर आल्या. "बाथरूमला दोन झाकणं टाकायचे. आता बंद केलं. माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला, माफ करा." काकांनी बाटली हातात घेतली. "असू दे बाई," एवढंच म्हणाले.

आज बरणी पाहिल्यावर ते शेजारच्या इमारतीत गेले. तिथल्या प्लांटवाल्याला म्हणाले, "थोडा गाळ हवाय."

"का रे, विरजण संपलं?"

"टाकी धुतली."

शेजारी हसत पोट धरून खाली बसला. "अरे, विरजणाचं भांडं कुणी घासून ठेवतं का? कुणी सांगितलं तुला?"

"व्याही येणार होते."

शेजाऱ्याचं हसू थांबलं. "टँकर पाठव, भरून देतो. आणि त्या बाईंचं काय? त्यांनी प्लांट मारला असं माझी बायको ऐकून आली."

दुपारी टँकर गाळ ओतून गेला. काकांनी हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि तळमजल्याची बेल वाजवली. दारातच सगळं सांगितलं.

"मी माफी मागितली तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

"असू दे म्हणालो."

"मला सांगून उपयोग नाही. लिफ्टपाशी सांगा. तिथे लोक माझ्याकडे बघेनासे झालेत." बाईंनी दार लावून घेतलं.

काकांनी तेव्हाच अध्यक्षांना फोन करून टाकी आपण धुतल्याचं सांगितलं. व्याह्यांनाही फोन लावला. तो उचलला गेला नाही.

उद्या सहा पन्नासला बरणी भरायची आहे. गाळ बसायला अर्धा तास लागतो. साडेसातला कामावर जाणारी मंडळी लिफ्टने खाली उतरू लागतात.