कलमवाल्यांच्या दोन काड्या

आमच्या गल्लीतल्या कलमवाल्यांनी लेकीच्या वहीतलं झाड पाहिलं तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "हे कुठल्या जातीचं?" चाळीस वर्षं रोपवाटिकेत काढलेला माणूस, दुसरं काय विचारणार!

अडचण मात्र खऱ्या झाडाची होती. दारातली लिंबोणी त्यांच्या बायकोनं लावलेली. ती जाऊन तीन वर्षं झाली आणि यंदा झाड बुंध्यातूनच कुजलं. कलम करण्याजोग्या काड्या उरल्या दोनच.

"एखादी तरी जगेल का गं?" त्यांनी गणित शिकवणाऱ्या लेकीला विचारलं होतं.

"एरवी तुमची किती जगतात, बाबा?"

"पाचांतली चार जुळतात. जुळलेल्या चारांतली तीन जमिनीत टिकतात."

त्यावर लेकीनं हे आडवं झाड काढलं. पहिले दोन फाटे: जुळलं, नाही जुळलं. जुळलेल्याला पुन्हा दोन: टिकलं, नाही टिकलं.

"फांदीवरून पुढे जाताना गुणायचं. चार पंचमांश गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे तीन पंचमांश. एक काडी पाचांत दोनदा दगा देणार. दोन्ही दगा देणार, ते दोन पंचमांश गुणिले दोन पंचमांश. पंचविसांत फक्त चारदा!"

कलमवाले फांद्यांवरून बोट फिरवत राहिले. दोन कलमं असली की ती शेजारी शेजारी लावायची, एकमेकांना सोबत म्हणून, ही त्यांची जन्माची सवय.

"आणि त्या वाफ्यालाच बुरशी लागली तर?"

लेकीनं वही पुन्हा जवळ ओढली. बापानं नेमकं बोट ठेवलं होतं. "मग दोघी एकदमच जातील. हा गुणाकार चालणार नाही."

"म्हणजे सोबत नको. जुळल्या की एक तू तुझ्या घरी ने."

"माझ्याकडे निवडुंगसुद्धा मरतो, बाबा!"

"तोही एक फाटा काढ की."

दोन्ही कलमं जुळली. एक लेकीबरोबर दुसऱ्या गावी गेलं, एक वाफ्यात राहिलं. दीड महिन्यात वाफ्यातल्याला खरंच बुरशी लागली आणि ते वाळलं. कलमवाल्यांनी लेकीनं मागे ठेवलेल्या वहीत एका फांदीवर फुली मारली.

पंधरा दिवसांनी लेकीचा फोन आला. "बाबा, पालवी फुटलीय!"

"एक पान हलकेच चुरगाळ. वास घे."

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग हुंदका. "आईच्या हातांना यायचा, तोच."

कलमवाल्यांनी डोळे पुसले. "बरं," ते म्हणाले, "आता आनंदाच्या भरात पाणी जास्त घालू नकोस."