विरोधी मत : निरंक

चिखलीच्या एका जिनिंग फॅक्टरीतल्या कामगारांनी युनियन काढली, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. लिहिता येणारा माणूस म्हणून युनियनचे कागदही माझ्याकडे आले. दोन्ही कामे एकाच हाताने करू नयेत, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही. सुचले नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही.

मालकाशी बोलणी फिसकटली, म्हणून युनियन एका देशव्यापी फेडरेशनला जोडायचे ठरले. स्वातंत्र्याआधी गिरण्यांच्या शहरांतून उभी राहिलेली ही संघटना. पुढे मतभेद होऊन तिच्यातून दुसरी फेडरेशने निघाली, आणि आपण कोणाचा झेंडा घ्यायचा यावर चिखलीतही महिनाभर वाद झाला. फेडरेशनचे काम ठरलेले होते. सरकारी अधिकाऱ्यासमोर वाटाघाटी होत, तिथे कायदा जाणणारा प्रतिनिधी ते पाठवी. तो स्वतःच्या मनाने काही मागत नसे. सर्वसाधारण सभेने लेखी पाठवले असेल तेवढेच मांडे. त्यासाठी फेडरेशनच्या मुंबई कचेरीतून छापील फॉर्म आला. त्यातला शेवटचा रकाना होता : ‘विरोधी मत असल्यास तपशील’.

सभा रविवारी दुपारी, फॅक्टरीमागच्या लिंबाखाली भरली. मागणी एकच होती. हंगाम संपला की सगळे घरी बसत. पुढच्या हंगामात यादीप्रमाणे त्याच माणसांना परत घ्यावे. यादीत इंजिनवरचे आणि गाठी बांधणारे पुरुष होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांवर बाया उभ्या राहत. त्या युनियनच्या सभासद होत्या, पण यादीत नव्हत्या. त्यांना मुकादम आणतो, म्हणून त्या फॅक्टरीच्या नाहीत, असे कारण होते.

माझ्या बातमीचे पाकीट पाचच्या बसने कंडक्टरच्या हाती जाई. सभा लांबली. साडेचारला, मत घेण्याआधीच, मी लिहून टाकले : ‘ठराव सर्वानुमते मंजूर झाला.’ अशी वाक्ये आधी लिहून ठेवण्याची वार्ताहरांना सवय असते आणि ती सहसा चुकत नाहीत. सायकल असलेला एक कामगार पाकीट घेऊन स्टँडवर गेला.

त्यानंतर मागून एक बाई उठली. चाळिशीची, केसांत कापसाचे तंतू.

“अध्यक्षसाहेब, यादीत आमचं नाव काऊन नाई?”

अध्यक्ष फॅक्टरीतला जुना फिटर होता. “तुमचं मुकादमाकडं हाय ना माय.”

“मुकादमाचं सोडा. आठ हंगाम झाले, त्याच रेच्यापाशी उभी हाओ मी. रेचा अडला तं तुमाले हाक माराले मुकादम येते का मी?”

पुरुष हसले. कोणीतरी म्हणाले, “पुढच्या टायमाले टाकू. आता मुंबईले एकी दिसू दे.”

“तुमी यादीत बसाचं अन् आमी चूप बसाचं. बरी हाय एकी!”

हात वर करून मत घेतले. विरोधात एकच हात आला, तिचा. बाकीच्या बायांनी उचलला नाही. मुकादमाचा माणूस कुंपणापाशी उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरायला बसलो. दैनिक समोर होते. ‘सर्वानुमते’ छापून आले होते. रकान्यात तो हात लिहिला असता तर बातमी खोटी ठरली असती. दैनिकाला पाठवायची दुरुस्ती दोन ओळींची होती. मी लिहिले : निरंक. अध्यक्षाने न वाचता सही केली.

वाटाघाटी अकोल्याला झाल्या; युनियनचे कागद घेऊन मीही गेलो होतो. फेडरेशनचा प्रतिनिधी तयारीचा माणूस होता. जेवणाच्या सुटीत त्याने मला बाजूला घेतले. “रेच्यांवर बायका असतील ना? त्यांचं काय? सभेत एकीनं जरी काही म्हटलं असेल तर सांगा. तेवढ्या आधारावर मी विषय काढू शकतो.”

“तसं काही झालं नाही,” मी म्हणालो.

करार झाला. यादी मान्य झाली. पुरुषांनी गेटवर गुलाल उधळला. तीही बातमी मी पाठवली. तिच्यात चूक नव्हती.

दिवाळीनंतर नवा हंगाम सुरू झाला. मुकादमाने हात वर करणारीला गेटवरूनच परत पाठवले आणि तिच्या रेच्यावर दुसरी बाई उभी केली. काही आठवड्यांनी ती मला बाजारात भेटली. बोरे विकत होती.

“भाऊ, मुंबईच्या कागदात माह्यं लिहिलं होतं ना तुमी?”

“लिहिलं होतं,” मी म्हणालो. “त्यांनी घेतलं नाही.”

“मंग तुमी तरी काय करसान,” ती म्हणाली, आणि मूठभर बोरे माझ्या रुमालात टाकली.

त्या वर्षी बाया युनियनच्या सभांना येईनाशा झाल्या. मुंबईवाले बायांचं ऐकत नाहीत, असे त्या सांगत. अध्यक्षाने मला विचारले, “ह्यायच्या डोक्यात हे कोनं भरवलं?”

मी माहीत नाही म्हणालो.