नरसाळ्यातून सांगा

आमचे हे घरात खोटं बोलतात. म्हणजे कुणाचं वाटोळं करणारं खोटं नाही हो, तेवढी अक्कल नाही त्यांच्याकडे. "कोपऱ्यावर आलोय, चहा टाक" असा फोन येतो तेव्हा स्वारी अजून ऑफिसच्या पायरीवर असते. "अगदी ताजे आहेत" म्हणून टोमॅटो आणतात आणि ते टोमॅटो मला बघून मान टाकतात. दाढ ठणकत असते, गाल पुरीसारखा फुगलेला असतो, आणि हे म्हणतात, "छे गं, कालच थांबली."

लग्न ठरताना माझ्या वडिलांनी विचारलं होतं, नोकरीत हुद्दा काय? ह्यांनी मान ताठ करून सांगितलं, "पाणीखात्यात आहे. सगळ्या गावाला सूचना मीच देतो." वडील खूश. मोठा साहेब जावई मिळाला म्हणून सगळीकडे सांगत सुटले. लग्न होऊन आठवडाही झाला नसेल, आमच्या गल्लीतून एक गाडी आली. टपावर भोंगा, आत आमचे साहेब माईक धरून. "सर्व नागरिकांना कळवण्यात येते की, उद्या सकाळी पाणी येणार नाही. नागरिकांनी पाणी भरून ठेवावे." मी दारात कपाळाला हात लावून उभी! बरं, भांडायला जावं तर वडिलांना सांगितलेलं अक्षर न अक्षर खरं होतं.

पण एक सांगते. हाच माणूस भोंग्यात कधी खोटं बोलला नाही. एकदा मोठी पाइपलाइन फुटली. ह्यांच्या वरच्या साहेबांनी फर्मान काढलं, "संध्याकाळपर्यंत पाणी सुरळीत होईल असं सांगा, लोक ओरडतायत." हे नुकतेच तो खड्डा बघून आलेले. आत म्हैस आरामात बसेल एवढा खड्डा. ह्यांनी माईक काढला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मग तुम्हीच बोला." साहेब बोलले नाहीत. शेवटी हेच गावभर फिरून सांगून आले की पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. लोकांनी शिव्या घातल्या, पण भांडी भरून घेतली.

मी विचारलं, "घरात एवढ्या थापा मारता, तिथे काय होतं तुम्हाला?"

"अगं, घरात तू एकटी ऐकतेस आणि तूही विश्वास ठेवत नाहीस," हे म्हणाले. "तिथे बायका हातात बादली घेऊन ऐकतात."



आमच्या जाऊबाईंचा मात्र सगळा भरवसा फोनवर. एकदा फोनवर निरोप आला की पाण्यात विषारी औषध पडलंय, पिऊ नका, दहा जणांना कळवा. बाईंनी शंभर जणांना कळवलं आणि भरलेली टाकी मोरीत सोडून दिली. तासाभराने भोंगा आला, उद्या पाणी नाही. बाई दोन घागरी घेऊन माझ्या दारात. मी म्हटलं, "काय हो, विष न्यायला आलात?"

"फोटोसुद्धा होता त्यात!" त्या रडवेल्या झाल्या.

"भोंग्यावर आलं होतं का?"

त्यांनी घागरी पुढे केल्या. मी घागरी भरून दिल्या, पण तोंडसुखही घेतलं.

नरसाळ्याची गोष्ट आमच्या लेकीची. तेव्हा ती शाळेत होती. तिचं नाटक होतं आणि हे नेहमीसारखे म्हणत होते, "येणार म्हणजे येणारच, पहिल्या रांगेत बसणार." ती बया उठली, स्वयंपाकघरात गेली, तेल ओतायचं पत्र्याचं नरसाळं घेऊन आली आणि ह्यांच्या तोंडासमोर धरलं. "बाबा, ह्यातून सांगा."

हे हसले. नरसाळं तोंडाला लावलं, घसा खाकरला. "सर्व नागरिकांना कळवण्यात येते की..." आणि अडकले. आम्ही सगळे बघतोय. मग त्याच भोंग्याच्या आवाजात आलं, "...बाबांना उद्या ड्यूटी आहे. बाबा येऊ शकणार नाहीत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." पोरगी रुसायच्या ऐवजी हसत सुटली. म्हणाली, चालेल, निदान मी वाट तरी नाही बघणार.

तेव्हापासून घरात तोच कायदा. शंका आली की भिंतीवर खिळ्याला टांगलेलं नरसाळं काढायचं. बिचाऱ्यांची काय फजिती व्हायची! साधं "भाजी छान झालीये" म्हणतानाही आधी खिळ्याकडे बघायचे. लेक लग्न होऊन गेली, नरसाळं तिथेच राहिलं.

मग ह्यांचा आवाज बसला. हवा बदलली म्हणाले, धूळ आहे म्हणाले. मी काढे दिले, गरम पाणी दिलं, ओरडून झालं, माणूस डॉक्टरकडे जाईना. आवाज आणखी घोगरा होत गेला. आणि एक दिवस भोंगा फिरून गेला तरी आमच्याखेरीज गल्लीत कुणी पाणी भरलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे नळ कोरडे. समोरची शिवणकामवाली आमच्याच दारात भांडायला आली. ह्यांना म्हणाली, "तुम्ही नव्हताच काल गाडीत! कुणीतरी भलताच बोलत होता. फोनवर काय कमी थापा येतात, त्यात आता भोंग्यावरही येणार का?"

हे उठले. तिला आमच्या पिंपातलं पाणी दिलं. मग आत येऊन बसले ते बसलेच. इतकी वर्षं मी खोटारडे म्हणत आले तेव्हा कधी चेहरा पडला नव्हता. तो आज पडला.

पुढच्या आठवड्यात म्हणाले, गाडी दुरुस्तीला न्यायचीये, दुपारी येतो. मला तेव्हाच कळलं की दवाखान्यात चाललेत. जाऊ दिलं. दोनदा गेले. दुसऱ्यांदा आले ते हातपाय धुऊन थेट ताटावर बसले आणि मी न विचारताच म्हणाले, "डॉक्टरांकडेही डोकावलो जाता जाता. काही नाही. साधा घसा आहे, गुळण्या करायला सांगितल्यात."

मी उठले. खिळ्यावरचं नरसाळं काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं.

"अगं, जेवू तर दे."

"आधी सांगा. मग जेवा."

त्यांनी ते उचललं. बराच वेळ आत बघत राहिले, जणू तळाशी काही लिहिलंय. मग तोंडाला लावलं. आवाज कसला, नुसती घरघर, पण बोलणं तेच.

"सर्व नागरिकांना कळवण्यात येते की... घशात गाठ आहे. ती काढावी लागणार आहे. गाठ कसली आहे, ते काढल्यावर कळेल. आवाज... पूर्ववत होईल की नाही, सांगता येत नाही." थांबले. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये."

नरसाळं खाली ठेवलं आणि साध्या आवाजात म्हणाले, "मी काही घाबरलेलो नाही."

"तेही ह्यातूनच सांगा."

त्यांनी नरसाळं माझ्यापुढे सरकवलं.

"मी कशाला? तूच सांग. तू घाबरली नाहीस ना?"

"मी? मी कशाला घाबरू!" मी म्हटलं. आणि नरसाळं उचललं, तोंडाला लावलं. एवढीशी पत्र्याची वस्तू, तेलाचा वास येत होता. इतकी वर्षं त्या माणसाला हातात देत आले, पण स्वतः कधी तोंडाला लावलं नव्हतं. 'नाही' एवढाच शब्द बोलायचा होता. निघेना हो! घसा माझा धडधाकट, आणि शब्द निघेना.

शेवटी जे निघालं ते एवढंच, "सर्व नागरिकांना कळवण्यात येते की, ह्यांना एकटं जाऊ दिलं जाणार नाही."

ह्यांनी ताटावरून मान वर केली नाही. पुसट आवाजात म्हणाले, "कळलं. नागरिकांना कळलं." आणि जेवायला लागले. भाजीत मीठ नव्हतं, त्यांच्या तोंडावरच मला दिसत होतं. "छान झालीये," म्हणाले. मी नरसाळ्याला हात लावला नाही.