प्रभुभोजनाच्या वेळी रूथ बाहेर जाते

गेल्या शनिवारी सकाळी मी भुकूमहून कासार आंबोलीला निघाले, रूथकडे. अंतर ते केवढं... पण पौड रोडवर स्कूटर बाजूला घेऊन परत फिरावं का, असा विचारही करून झाला. तिला एक प्रश्न विचारायचा होता. बस, एवढंच.

रूथ आणि मी आमच्या चर्चच्या छोट्याशा मंडळीत प्रार्थना-सोबतिणी. पास्टरांनीच जोडी लावून दिलेली. दर आठवड्याला भेटायचं, एकमेकींना 'आतून कशी आहेस?' विचारायचं आणि उत्तर खरं द्यायचं. लोक याला अकाउंटेबिलिटी म्हणतात, आम्ही चहा म्हणतो.

पण हल्ली रूथचं उत्तर एकच... 'बरं चाललंय.' आणि प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायची, वेळ आली की ती उठून बाहेर जायची. 'संडे स्कूलची मुलं बघून येते,' म्हणायची. गेल्या वेळी तर संडे स्कूलला सुट्टी होती, तरी गेली!

मनात कुणाविषयी अढी असेल तर आमच्यात माणूस प्रभूचा प्याला घेत नाही, आधी समेट करतो. म्हणजे हिचं कुणाशी तरी बिनसलंय... नवऱ्याशी? सासूशी? की देवाशीच? विचारावं तर मैत्री तुटायची भीती, न विचारावं तर मी सोबतीण कसली?

तिच्या घरमालकीण काकू अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. 'मागं हाय रूथ, कापडं वाळत घालतीया,' म्हणाल्या. 'जरा बोल की तिच्याशी. लई गप गप असती हल्ली.' झालं, माझी धाकधूक आणखीच वाढली.

मी रूथच्या हातातल्या चादरीचं दुसरं टोक धरलं आणि एका दमात विचारून टाकलं, 'तू प्याला का घेत नाहीस? कुणाबद्दल अढी आहे मनात?'

ती चादर झटकत राहिली. मग म्हणाली, 'तुझ्याबद्दल.'

माझ्या हातातलं चादरीचं टोक सुटलं.

झालं होतं असं... काही महिन्यांपूर्वी तिने मला एकटीला सांगितलं होतं, की प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत, सगळं कोरडं वाटतं. आणि मी शहाणीने बुधवारी मंडळीतल्या बहिणींच्या प्रार्थनेत विनंती ठेवली, 'रूथच्या विश्वासासाठी प्रार्थना करा.' अगदी मनापासून, डोळे मिटून. आमच्याकडे चहाडी अशीच होते... आमेनसकट.

मग तिला फोन सुरू झाले. कुणी बायबलमधली वचनं पाठवली, कुणी उपास सुचवला. श्रीरामपूरला तिच्या आईपर्यंत बातमी गेली की पोरीने देवाला सोडलं, आणि आई फोनवर रडली. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

'अगं, मग मला सांगितलं का नाहीस?'

'तुला काही सांगायचीच भीती वाटते आता,' ती म्हणाली.

मी माफी मागितली, रडले. ती म्हणाली, 'बघू गं...' त्या 'बघू'ने माझा जीव टांगणीला लागला, कारण दुसऱ्याच दिवशी प्रभुभोजन होतं.

रविवारी प्याल्यांचा ट्रे आमच्या रांगेत येऊ लागला आणि रूथ उठून बाहेर गेली. सगळ्यांच्या नजरा तिच्या पाठीवर. ट्रे माझ्यापुढे आला... आणि मला प्याला उचलवेना. तसाच पुढे दिला आणि सगळ्यांच्या देखत उठून तिच्यामागे गेले.

ती हॉलच्या पायरीवर बसली होती. मला बघून वैतागलीच, 'तू कशाला आलीस? आता तुझ्याबद्दलही बोलतील.'

'बोलू देत,' मी म्हटलं.

ती जरा सरकली आणि मला जागा केली. आतलं शेवटचं गीत संपेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.

पुढच्या वेळी आम्ही दोघी प्याला घेऊ का, मला माहीत नाही. धाकधूक अजून आहेच. पण माझ्या तोंडावर 'तुझ्याबद्दल' म्हणणारी मैत्रीण प्रभूने मला दिली, त्याचे आभार कसे मानू...

आणि हो, ही पोस्ट टाकायच्या आधी तिला वाचून दाखवली. नाव तिनेच बदलून दिलं. दोन ओळी काढायला लावल्या, त्या काढल्या आहेत. कोणत्या, ते विचारू नका.