न फुटणाऱ्या शेंगेचं बी

पारशिवनीच्या स्टँडवरून मी निघाले, तेव्हा आमच्या वावरात सोयाबीन तडकायला लागलं होतं. पीक कापायचे, सोंगणीचे नेमके चार दिवस बाबांनी माझ्यासोबत नागपुरात घालवले होते. कॅनडाला शिकायला जायची कागदपत्रं, मग सदरच्या बाजारातून जाड कोट. इकडे ऊन असं, की उभ्या पिकात चट् चट् शेंगा फुटत होत्या आणि दाणे मातीत. माझ्या ध्यानातही आलं नाही. आलं असतं तरी मी कॅनडा थोडीच सोडणार होते!

एसटी हलताना बाबा खिडकीशी आले. "बियाचंच शिकून राहिली ना वं तू? मंग असं बी आण, जे चार दिवस झाडावर थांबन."

"आणीन, बाबा," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

तुमच्यातले जे गावी राहिलात त्यांना शेंग फुटण्याचा तो आवाज सांगायला नको. जे माझ्यासारखे लांब आलात त्यांना सांगते, तो कानातून सुटत नाही. इथं कॅनडात लॅबमध्ये वाळक्या शेंगा ओव्हनमध्ये ठेवून किती फुटल्या ते मोजायचं, हेच माझं काम. कवच वाळताना त्याला पीळ बसतो आणि शिवण उकलते. हा पीळ एका जनुकामुळे येतो. ते जनुक बिघडलेलं असलं की शेंग मिटून राहते. रानातल्या झाडाला हा बिघाड म्हणजे वंशनाश, शेतकऱ्याला मात्र तोच हवा. आमच्याकडच्या लवकर येणाऱ्या वाणात तो उतरवायचा म्हणून मी वर्षानुवर्षं संकर करत बसले. काचेआड टक् वाजलं की वाटतं, आत बाबा उकिडवे बसून दाणे वेचतायत. सोबतची मंडळी हेडफोन लावतात, माझा हात धजत नाही.

फोनवर बाबांनी बियाचं एकदाही विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. शेवटी संकरातला एक वाण टिकला, त्याच्या शेंगा ओव्हनमध्ये गप्प राहिल्या, आणि त्याच हिवाळ्यात बाबा गेले. ते बी इथल्या संशोधन संस्थेचं. परवानग्यांशिवाय त्यातले दोन दाणेही मला घरी नेता येत नाहीत.

यंदा पेरणीला धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, वावराच्या कडेच्या, धुऱ्याजवळच्या चार ओळी पेरू का?"

"मला काहून विचारतोस?"

"तुले नाही माहीत? बाबा दरसाल त्या रिकाम्या सोडत. मी कटकट केली का म्हणत, राहू दे गा, पोरीचं बी येऊन राहिलं."

चार दिवस थांबणारं बी मी शोधत होते, आणि बाबा इतकी वर्षं थांबले होते.

"पेर," मी म्हटलं.

तो बरं म्हणाला. मग ट्रॅक्टर सुरू झाल्याचं ऐकू आलं, तरी मी फोन कानाला धरून होते. आता घर म्हटलं की मला बाबांनी रिकामी राखलेली तेवढीच जमीन दिसते, आणि तीही मीच पेरायला सांगितली.