एकटीला जमेल अशी गाडी

चहाला हाक मारायला गेले तेव्हा ते नव्या गाडीत झोपलेले होते. झोपणार आहेत हे मला ठाऊकच होतं. गाडीचं काही नवं काम झालं की दुपारी जेवून तिच्यात एक डुलकी काढायची, आणि झोप लागली तरच गाडी पास, हा त्यांचा नियम होता. शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर किंचाळत असताना झोप लागली पाहिजे, तर ती खरी झोपायची गाडी, असं त्यांचं शास्त्र. मी काचेवर टकटक केलं. मग दार उघडून पाय हलवला... पायातले मोजे त्यांनी काढून नीट घडी करून ठेवले होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसेल. हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. मला काही वाटलं नाही.

इथं मी त्यांना सुधाकर म्हणणार आहे. घरात कधी नावानं हाक मारली नाही. पण 'आमचे हे' असं लिहायला घेतलं की ते आतल्या खोलीत आहेत असं वाटतं आणि हात पुढं सरकत नाही.

नागापूरला एमआयडीसीत सुधाकरची फॅब्रिकेशनची शेड होती. उसाच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर ते बनवायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगा नितीन पुण्याला नोकरीला लागला, मी निवृत्त झाले, आणि आता हा माणूस जरा घरी बसेल, असं मला वाटू लागलं. तेवढ्यात पुण्याचं एक जोडपं तुटलेला अ‍ॅक्सल घेऊन शेडवर आलं. त्यांच्या कारच्या मागं एक छोटीशी गाडी जोडलेली होती. पुढून गोल, मागं निमुळती. आत फक्त झोपण्यापुरती जागा, आणि मागचं झाकण उचललं की खाली स्वयंपाकाचा ओटा. साडीच्या काठावर कोयरी आडवी असते ना, हुबेहूब तशी. मी तिला कोयरी म्हटलं आणि तेच नाव पडलं. सुधाकरनी अ‍ॅक्सल जोडून दिला, पण त्या दोघांना संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. चहा पाजत राहिले आणि गाडीखाली शिरून बघत राहिले. रात्री जेवताना म्हणाले, "आपुन बी एक करू." मी म्हटलं, करा. नाही म्हटलं असतं तरी केलीच असती.

पहिली कोयरी म्हणजे हसण्याचा विषय. ज्या हातांनी जन्मभर उसाच्या ट्रॉल्या केल्या त्या हातांना हलकं काही माहीतच नव्हतं. जाड लोखंडी अँगल, खाली ट्रॉलीचेच स्प्रिंगचे पाटे, आणि पुढचा दांडा चक्क ट्रॅक्टरच्या हुकाच्या उंचीचा. आमच्या छोट्या कारला ती जोडली तर कारचं बूड जमिनीला टेकलं आणि तोंड आभाळाकडं. शेडमधली माणसं तोंड फिरवून हसत होती. मी तोंडसुद्धा फिरवलं नाही. दांडा कापून खाली घेतला तेव्हा कुठं ती निघाली, आणि आम्ही सोनईला माझ्या माहेरच्या शेतात मुक्कामाला गेलो. दार एकाच बाजूला, आणि त्या बाजूला हे. मला उतरायचं तर यांच्या अंगावरून. मागचं झाकण इतकं जड, की सुधाकर ते उचलून खांद्यावर धरणार आणि मी खाली वाकून पिठलं ढवळणार. माझ्या भावजयीनं ते पाहिलं आणि सरळ घरात ताटं वाढली. तरीही ती पहिली रात्र मी विसरणार नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात इतक्या जवळ, दुसरं काहीही काम हातात नसताना, आम्ही कधी पडून राहिलोच नव्हतो.

मग त्यांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्ही दोघांनी एकाच खोलीत बसून ऐकलं, पण बहुधा वेगवेगळं ऐकलं. मला ऐकू आलं की पथ्य पाळलं तर काळजी नाही. त्यांना काय ऐकू आलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. घरी आले आणि दुसऱ्या कोयरीच्या मागे लागले.

ही दुसरी गाडी ज्यांनी पाहिली ते तिचं कौतुक करतात. करावं अशीच आहे ती. वरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, सांगाडा बारीक चौकोनी पाइपचा, त्यामुळं वजन पहिलीच्या निम्म्याच्याही खाली. दारं दोन्ही बाजूंना. पुढच्या दांड्याला एक लहानसं चाक आणि त्याला हँडल, म्हणजे ते फिरवून दांडा खालीवर करता येतो आणि एका माणसाला गाडी ढकलत कारच्या हुकापर्यंत आणता येते. मागच्या झाकणाला डिकीला असतात तसले गॅसचे दांडे. बोट लावलं की झाकण आपण होऊन वर. ओट्याची उंची ठरवायला त्यांनी मला शेडवर नेऊन उभं केलं आणि कोपरापर्यंतचं माप घेतलं. मी बुटकी. म्हटलं, गिऱ्हाईक उंच निघालं तर वाकून वाकून मरेल की हो. म्हणाले, वाकू दे. दोन्ही दारांना आतून कड्या, आणि आडवं पडल्यापडल्या बाहेरचं दिसावं म्हणून उशीपाशी एक छोटी खिडकी. हे सगळं कुणासाठी, असं मी विचारलं तर म्हणत, आजकाल बायका एकट्या फिरतात, त्यांना बरं पडेल. कुठल्या बायका? असतील की एखादी. मला वाटलं, वय झालं, बोलतात काहीतरी.

गाडी चालवायला मी पन्नाशीनंतर शिकले होते, तेही भाजी आणण्यापुरतं. आता सुधाकरनी हट्ट धरला की कोयरी जोडून चालवायची. पुढं नेणं मला लवकर जमलं. मागं घेणं मात्र महाकठीण. स्टिअरिंग डावीकडं वळवलं की मागची गाडी उजवीकडं जाते, आणि एकदा ती वाकडी झाली की शहाण्यासारखी पुन्हा सरळ होत नाही. त्यासाठी बाजाराचा दिवस सोडून ते मला घोडेगावला बैलबाजाराच्या मोकळ्या मैदानावर घेऊन जात. नुसत्या दावणी, वाळलेलं शेण आणि कडेला एक चहाची टपरी. ते मागं उभे राहत, कोयरीच्या अंगावर थाप मारत आणि ट्रकच्या क्लीनरसारखं ओरडत, "येऊ द्या, येऊ द्या... बस!" काच खाली ठेवायची सक्त ताकीद होती, नाहीतर त्यांचा आवाज मला ऐकू आला नसता. टपरीवाले तुकाराम बाकावर बसून हा तमाशा बघायचे.

एके दिवशी मी दावणीचा खुंटा पाडला आणि वैतागून खाली उतरले. म्हटलं, मला हे कशाला शिकवताय? तुम्ही आहात ना.

सुधाकर खुंटा परत ठोकत होते. वर न बघताच म्हणाले, "मी नसलो तर गाडी मागं घेता आली पायजे. पुढं काय, कुनीबी नेतं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते चाक, ते हलकं झाकण, माझ्या कोपराचं माप, आतल्या कड्या... ती एकटी फिरणारी बाई कोण हे मी सोडून सगळ्या शेडला कळलेलं असणार. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, मला एकटीला कुठंही जायचं नाही, आणि तुम्हीही कुठं जायचं नाही. त्यांनी खुंट्यावर शेवटचा घाव घातला आणि हात झटकले.

"बस गाडीत," म्हणाले. "दिस हाय तवर एकदा नीट हू दे."

मी बसले, पण नीट झालं नाही. पुढच्याच महिन्यात ते गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांपैकी जवळजवळ प्रत्येकानं मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली. ज्या गाडीत माणूस गेला ती दारात ठेवू नये. आमच्या घरात शकुन-अपशकुन कधी मानले नाहीत. सासऱ्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हाच ते सगळं वेशीबाहेर टाकलं होतं. पण दु:खाच्या घरात जुन्या गोष्टी परत पाय ठेवतात. नितीनला गिऱ्हाईकही मिळालं. तो समजुतीनं म्हणाला, "आई, तू एकटी ती घेऊन कुठं जाणार आहेस? उगाच पडून राहील." त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी त्याला म्हटलं, मला आधी एकदा घोडेगावला जाऊ दे.

त्या दिवशी सकाळी मी कुणाला बोलावलं नाही. चाकाचं हँडल फिरवलं, गाडी ढकलत आणली, दांडा हुकावर बसवला. एका झटक्यात बसला. कशातही दोष काढायला जागा नव्हती. कुठंतरी काहीतरी अडावं, मग रागानं का होईना त्यांना काही बोलता येईल, असं मला वाटत होतं. पण काहीच अडलं नाही. जे जे मला एकटीला जमावं म्हणून त्यांनी केलं होतं ते ते जमलं, आणि दरवेळी मी आणखी एकटी झाले.

मैदानावर तुकारामांनी लांबूनच ओळखलं. साहेब न्हाई आले का, म्हणाले. मी सांगितलं. ते डोक्यावरची टोपी काढून तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, मी हुबा ऱ्हाऊ का मागं? मला म्हाईत हाय कसं सांगायचं ते."

मी नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असेल, पण त्या जागी दुसरं कुणी उभं राहिलेलं मला सोसलं नसतं. मी काच खाली केली, रिव्हर्स टाकला आणि मागं येऊ लागले. वाऱ्याचा आवाज, दूर हमरस्त्यावरचे ट्रक, बाकी काही नाही. आता लागेल, आता लागेल, असं वाटून मी थांबले, उतरून मागं गेले. दावणीपर्यंत अजून चांगली बैलजोडी उभी राहील एवढी जागा होती. परत बसले, पुन्हा थांबले, पुन्हा उतरले. गाडी सरळ येत होती, अगदी त्यांना हवी तशी. अजून किती येऊ द्यायचं तेवढं कुणी सांगत नव्हतं. तुकाराम बाकावर मान खाली घालून बसले होते. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि खूप रडले, मग पदरानं तोंड पुसून तशीच मागं घेत दावणीला लावली.

घरी येऊन नितीनला फोन केला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं. तेव्हापासून दोनदा सोनईला जाऊन आले. भावजय म्हणते, एकटी कशी येतेस गं. जमतं, म्हणून सांगते. मागं घेताही येते आता, अंगणात फाटकाच्या दोन खांबांमधून, कुठं न घासता. काच मात्र खालीच ठेवते, सकाळी कितीही थंडी असली तरी.